पन्नास मीटरवरचं बुलढाणा

गावं आणि खेळ यांची सोयरीक कशी जुळते, हे हुडकत बसण्याचा मला जुना नाद आहे. कोल्हापुरात कुस्ती का, याचं उत्तर शाहू महाराजांपाशी सापडतं. पण ज्या जोड्यांना राजाश्रयाचं असं सोपं उत्तर नसतं, त्या मला जास्त आवडतात.

इटलीतलं फाब्रियानो घ्या. तीसेक हजार वस्तीचं डोंगराळ गाव, तेराव्या शतकापासून कागदासाठी नावाजलेलं. नोट उजेडात धरली की जे पुसट चित्र दिसतं, ती कला याच गावची. या कागदवाल्यांच्या गावात रिदमिक जिम्नॅस्टिक्सचा एक क्लब आहे आणि सोफिया राफाएली त्या क्लबात घडली. २०२२ साली बल्गेरियाच्या राजधानीत, म्हणजे आपल्याच नावाच्या शहरात, ती विश्वविजेती झाली. वैयक्तिक सर्वसाधारण विजेतेपद मिळवणारी ती पहिली इटालियन. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य, तेही या प्रकारातलं इटलीचं पहिलं वैयक्तिक पदक. तिला घडवणारी युलिएता कांतालुप्पी स्वतः लंडन ऑलिंपिक खेळलेली. सोफियाचा जन्म जवळच्या कियारावाल्लेचा आणि मारिया माँटेसरीही तिथल्याच. ताराबाई मोडकांच्या बालवाड्यांमुळे आपल्याकडे घरोघरी पोचलेलं हे नाव आणि चेंडू-रिबिनीशी खेळत जग जिंकणारी ही मुलगी एकाच छोट्या गावात जन्मल्या, याचा मला उगीचच आनंद होतो. आपल्याकडे हा खेळ मुख्यतः ठाण्यात रुजला. तिथल्या संयुक्ता काळेने २०२२ मध्ये पंचकुल्याच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत पाच सुवर्णपदकं घेतली, तेव्हा मी दिवसभर फोनवर लोकांना पकडून पकडून ते सांगत होतो. निम्म्यांना खेळच माहीत नव्हता.

पण या लेखाचं गाव बुलढाणा आणि खेळ धनुर्विद्या.

जिल्ह्याचं ठिकाण, पण शहरात रेल्वे नाही. मलकापूरला उतरायचं आणि राजूर घाट चढायचा. नाहीतर शेगावहून यायचं. मग कचोरी खाल्ल्याशिवाय सुटका नाही आणि गजानन महाराजांचं दर्शन घेतल्याशिवाय घरचे सोडत नाहीत. खामगावकडून आलात तर बोथ्याचं जंगल लागतं. पाहुणा आला की त्याला लोणारचं सरोवर आणि सिंदखेडराजाचा जिजाऊंचा वाडा दाखवायचा, हा जिल्ह्याचा शिरस्ता. मीही ते सगळं पाहिलंय. लोणारच्या काठावर उभा असताना सोबतच्या मास्तरांना मी कंपाउंड धनुष्याबद्दल विचारत होतो आणि ते मला उल्कापाताबद्दल सांगत होते. दोघांचंही समाधान झालं नाही.

या गावात चंद्रकांत इलग नावाचे प्रशिक्षक आहेत. नोकरी पोलिस खात्यात, ध्यास धनुर्विद्येचा. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांत प्रथमेश समाधान जावकार हे नाव सर्वांत मोठं. पोलिस दलातल्या मोनाली जाधव यांनी २०१९ साली चीनमधल्या चेंगडूला जागतिक पोलिस व अग्निशमन क्रीडा स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, त्याही बुलढाण्याच्याच. भारताच्या ज्युनियर संघातून खेळलेला मिहिर अपारही इथलाच. मैदान, निधी, योजना यांवर आपल्याकडे परिसंवाद होतात, व्हावेतही. मला मात्र वाटतं, की आधी गावात एक हट्टी माणूस लागतो. फाब्रियानोतही तेच दिसतं.

थोडा इतिहास उरकून घेतो. कंपाउंड धनुष्य अमेरिकेत मिझुरीच्या हॉलेस विल्बर ॲलनने शोधलं आणि १९६९ मध्ये त्याला पेटंट मिळालं. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ते १९९५ पासून आहे, आशियाई खेळांत २०१४ पासून. त्या वर्षी इंचॉनला भारताच्या पुरुष संघाने सुवर्ण घेतलं तेव्हा प्रथमेश दहा-अकरा वर्षांचं पोर होता. एकलव्य, कर्ण वगैरे वाचकांना ठाऊक आहेतच.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. कंपाउंड धनुष्य प्रथम पाहणाऱ्याला ते धनुष्य वाटतच नाही. दोन्ही टोकांना चाकं आणि त्यांवरून फिरणाऱ्या दोऱ्या. ही चाकं पूर्ण गोल नसतात, त्यांना कॅम म्हणतात. सगळी करामत त्यांच्या आकारात. साध्या धनुष्याची प्रत्यंचा जितकी मागे ओढाल तितकी जड होत जाते. इथे सुरुवातीला ती दंडाला रडवते. स्पर्धेत साठ पौंडांपर्यंत, म्हणजे सत्तावीसेक किलोंचा ताण चालतो. पण एका टप्प्यावर कॅम फिरतो आणि वजन एकदम उतरतं. विहिरीतून ओढलेली भरली घागर काठावर टेकली की हात मोकळा होतो, तसं. मग पाच-सात किलोंचाच भार धरून नेम घ्यायचा. एका ओळखीच्या घरी मला ते धनुष्य ओढून बघायला मिळालं. पहिला ताण सोसताना माझा खांदा कुरकुरला आणि कॅम फिरल्यावर मी चक्क हसलो. हसता हसता दोरी सोडणार, तोच घरातला मुलगा ओरडला, "काका, सोडू नका!" बाण न लावता दोरी सोडली, तर बाणाला द्यायची सगळी शक्ती धनुष्यातच राहते आणि त्याची पाती तडकतात. हळूहळू पुढे नेत ती शांत करावी लागते. सोडण्यापेक्षा न सोडणं अवघड, हे मला तिथे कळलं.

दोरीत डोळ्यासमोर बारीक छिद्राचा पीप, पुढे भिंग, भिंगाखाली पाणसळीसारखा बुडबुडा आणि बोटांऐवजी दोरी सोडणारं रिलीज नावाचं यंत्र. एवढं सगळं दिमतीला असताना अवघड काय राहिलं, असं रिकर्व्हवाले, म्हणजे बिनचाकांचं साधं धनुष्य वापरणारे, कुत्सितपणे विचारतात. राहिलं ते हे: पन्नास मीटरवर ८० सेंटीमीटरचं लक्ष्य आणि त्यात दहा गुणांचं वर्तुळ फक्त आठ सेंटीमीटरचं. सामन्यात बाण पंधरा, तीन-तीनच्या पाच फेऱ्या. आळीपाळीने मारायचं, प्रत्येक बाणाला वीस सेकंद. कमाल गुण १५०. वरच्या पातळीवर दहाला दहा हा नियम आणि नऊ हा अपघात, त्यामुळे सामना कोण कमी वेळा चुकतो यावर ठरतो. बाण रेषेला नुसता शिवला तरी वरचा गुण मिळतो. रिदमिकमध्ये दीड मिनिटाच्या आतल्या कसरतीवर पंचांची अख्खी फळी गुण देते आणि निकाल ऐकताना माझ्या पोटात गोळा येतो. इथे रेषा काय ते सांगते.

आणि म्हणून शांघाय. मे २०२३, विश्वचषकाचा दुसरा टप्पा, अंतिम सामना. समोर नेदरलँड्सचा माइक श्लोसर, जागतिक क्रमवारीत पहिला. याला 'मिस्टर परफेक्ट' म्हणतात, कारण इनडोअर प्रकारात साठ बाणांत सहाशेपैकी सहाशे गुण सर्वांत आधी त्याने केले. २०१३ मध्ये तो विश्वविजेता झाला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. बरोबर दहा वर्षांनी त्याच्यासमोर उभा राहिलेला बुलढाण्याचा पोरगाही एकोणीसच वर्षांचा. निकाल १४९-१४८. पंधरा बाणांत प्रथमेशचा एक गुण गेला, श्लोसरचे दोन. मी तो सामना पुन्हा पुन्हा पाहतो. निकाल पाठ असूनही शेवटच्या फेरीत माझा श्वास अडकतो, आणि घरात त्यावरून माझी यथेच्छ टिंगल होते.

एखादा मोठा विजय नशिबाने मिळतो, असं म्हणणाऱ्यांसाठी सप्टेंबर २०२३. मेक्सिकोतलं हर्मोसियो, विश्वचषकाची अंतिम स्पर्धा, उपांत्य फेरीत पुन्हा तोच श्लोसर. या वेळी त्याने १४९ केले. प्रथमेशने १५०. अंतिम सामन्यात डेन्मार्कच्या मथियास फुलरटनशी १४८-१४८ अशी बरोबरी झाली आणि शूट-ऑफचा एकेक बाण आला. दोघांचेही दहा. फुलरटनचा बाण मध्याच्या अधिक जवळ, म्हणून सुवर्ण त्याचं. हे रौप्य मला शांघायच्या सुवर्णाइतकंच मोठं वाटतं. मित्रांना हा पक्षपात वाटतो आणि तो आहेच.

पुढच्याच महिन्यात हांगझोऊच्या आशियाई खेळांत प्रथमेश, नागपूरचा ओजस देवतळे आणि इंचॉनच्या सुवर्णसंघातलाच अभिषेक वर्मा यांनी दक्षिण कोरियाला २३५-२३० असं हरवून सांघिक सुवर्ण घेतलं. तिघांपैकी दोघे विदर्भातले! त्याआधी ऑगस्टमध्ये बर्लिनला ओजस १५० पैकी १५० करून विश्वविजेता झाला होता, आणि साताऱ्याची आदिती स्वामी सतराव्या वर्षी महिलांमध्ये विश्वविजेती. ते दोघेही साताऱ्याच्या प्रवीण सावंतांचे शिष्य. एका वर्षात मराठी मुलांनी एवढं केलं, आणि आमच्या चौकात फलक लागले ते क्रिकेटचे.

एक खुलासा. २०२५ मध्ये ग्वांगजूच्या जागतिक स्पर्धेत फ्रान्सला हरवून भारताच्या कंपाउंड पुरुष संघाने सुवर्ण मिळवलं, त्यातला प्रथमेश म्हणजे प्रथमेश फुगे. दोन प्रथमेशांची गल्लत नेहमी होते. नातलगांनी मला अभिनंदनाचे संदेश पाठवले तेव्हा मला ते दुरुस्त करत बसावं लागलं.

कंपाउंडला आजवर ऑलिंपिकचं दार बंद होतं. २०२८ च्या लॉस एंजेलिसमध्ये ते उघडतंय, पण फक्त मिश्र संघापुरतं: एक पुरुष, एक महिला. म्हणजे भारताच्या पुरुषांना जागा एकच, आणि रांगेत ओजस, अभिषेक, ऋषभ यादव, दोन्ही प्रथमेश आणि मागून येणारी पोरं. निवड चाचणीचे आकडे लागतील तेव्हा तिथेही एखाद-दुसऱ्या गुणाचाच फरक असेल. माझं मत विचाराल तर ते राजूर घाटाच्या वर आहे, आणि ते बदलायला मी तयार नाही.