इओसिनोफिल वाढल्या म्हणजे नक्की काय झालं?



गेल्या हिवाळ्यात सांगलीतल्या आमच्या आरोग्य शिबिरात एक ताई रक्ताचा रिपोर्ट घेऊन आल्या. हळदीच्या गोदामात निवडणी-पॉलिशचं काम. पांढऱ्या पेशींमध्ये इओसिनोफिल १४ टक्के. साधारण १ ते ६ टक्के असतात. कुणीतरी त्यांना ‘रक्तातच दोष आहे’ असं सांगितलेलं, त्यामुळे दोन रात्री झोप नाही. पहाटे छातीत घरघर, खोकला. गल्लीतल्या दवाखान्यातून बारीक पांढऱ्या गोळ्यांची पुडी मिळायची. तीन दिवस घेतली की बरं वाटायचं, आठवड्याने पुन्हा तेच. ‘बाई, बरं होतंय तर परत का येतंय?’ असं त्यांनी विचारलं. मला तिथे दोन वाक्यांत उत्तर देता आलं नाही, म्हणून हा लेख.

इओसिन नावाच्या लाल रंगाने या पेशी चटकन रंगतात, म्हणून १८७९ साली जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी त्यांना हे नाव दिलं. त्या हाडांच्या मज्जेत तयार होतात, रक्तात काही तासच राहतात आणि मग आतडं, फुप्फुस अशा ठिकाणी जातात. त्यांच्या पोटात विषारी कण भरलेले असतात. ते जंतांवर टाकायचं त्यांचं काम. अनवाणी शेतात राबणाऱ्या माणसाच्या रिपोर्टमध्ये हा आकडा वाढला तर आधी जंतांचा विचार करावा लागतो तो याचसाठी. ॲलर्जीत मात्र हेच कण आपल्याच श्वासनळीच्या अस्तरावर सांडतात. अस्तर सोलवटतं, नळी आवळते, दम लागतो.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येते. इओसिनोफिल पेशी मुळात अल्पायुषी. प्रयोगशाळेत बशीत नुसत्या ठेवल्या तर बहुतेक दोन-चार दिवसांत मरतात. पण त्याच बशीत इंटरल्युकिन-५ नावाचं प्रथिन घातलं की आठवडा, दोन आठवडे जगतात. आपल्याकडे ऊसतोडीची टोळी कशी मुकादमाच्या निरोपावर थांबते? निरोप येत राहिला तर टोळी फडात, पट्टा पडला की गावाकडे. तसंच हे. धूळ किंवा गाजर गवताचे परागकण आत गेले की ॲलर्जी असलेल्या माणसाच्या इतर पेशी इंटरल्युकिन-५ सोडतात, म्हणजे ‘थांबा, जाऊ नका’ असा निरोप धाडतात.

निरोप पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहकावर येऊन चिकटतो. ग्राहकाच्या आतल्या टोकाला जॅक-२ आणि लिन नावाची विकरं बसलेली असतात, ती जागी होतात. मग एक प्रथिन दुसऱ्याला फॉस्फेटचा शिक्का मारतं, दुसरं तिसऱ्याला, आणि खबर पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचते. तिथे ‘बीसीएल-एक्सएल’ हे रक्षक प्रथिन जास्त बनवायचा हुकूम निघतो. मायटोकाँड्रियाला भोक पडू न देणं हे या रक्षकाचं काम. निरोप थांबला की रक्षक संपतो, मायटोकाँड्रियातून रसायन गळतं आणि कात्रीसारखी विकरं पेशीला आतूनच कापतात. हे मरण मोठं शिस्तीचं असतं: पेशी आक्रसते, दुसऱ्या पेशी तिला गिळून टाकतात, विष बाहेर सांडत नाही.

स्टेरॉइड नेमकं इथे घाव घालतं. निरोप सोडणाऱ्या पेशींना गप्प करतं आणि इओसिनोफिलला मरणाकडे ढकलतं. गंमत म्हणजे न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशींचं आयुष्य तेच औषध वाढवतं. म्हणून आदल्या दिवशी स्टेरॉइडची गोळी घेऊन रक्त दिलं तर इओसिनोफिल जवळजवळ नाहीशा आणि न्यूट्रोफिल वाढलेल्या दिसतात. असा रिपोर्ट फसवा. काय घेतलंय ते डॉक्टरांना सांगाच, पुडी सोबत न्या.

ताईंच्या पुडीतही स्टेरॉइडच होतं. तीन दिवसांत पेशी मेल्या, पण गोदामातली धूळ तीच, निरोप पुन्हा सुरू, मज्जेतून नवी टोळी हजर. निरोप फार जोराचा असेल तर तो स्टेरॉइडलाही पुरून उरतो. म्हणून धूळ कमी करणं हा औषधाचाच भाग आहे: पॉलिशच्या यंत्राला धूळ ओढणारा पंखा, चांगला मास्क. हे मालकाकडे मागायला लाजायचं कशाला?

‘पंपाची सवय लागते’ हे मी साताऱ्यापासून मिरजेपर्यंत ऐकलंय. पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट श्वासनळीत जातं. गोळीतलं मिलिग्रॅममध्ये, आणि ते अंगभर फिरतं. वारंवार घेतलं तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. मात्र बरेच दिवस गोळ्या घेत असाल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं. पंप बरं वाटलं तरी डॉक्टर सांगतील तोवर रोज घ्यायचा, कारण निरोप रोज येतो. दम्याचा प्रत्येक रुग्ण या प्रकारचा नसतो, हेही खरं.

इंटरल्युकिन-५ ला वाटेतच पकडणारं मेपोलिझुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झालं. ते गंभीर दम्यासाठी आहे, आणि त्याची किंमत गोदामातल्या मजुरीला झेपणारी नाही. बुडेसोनाइडचा पंप मात्र राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय किंवा साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय इथे त्याची चौकशी करा. स्टेरॉइडआधी शौचाची तपासणी मागून घ्या, कारण काही जंत स्टेरॉइडने अंगभर पसरतात.

ताईंच्या तपासणीत जंत निघाले नाहीत. पंप कसा ओढायचा ते मी त्यांना तीनदा करून दाखवलं. पहिल्या दोन वेळा औषध जिभेवरच राहिलं होतं.