ताईच्या टेबलावरचा तांब्या

आज आपण पाण्याविषयी बोलणार आहोत. टँकरच्या नाही, पिण्याच्या. काही शाळांत आठवड्यातून एखाद्या दिवशी समुपदेशक ताई येते ना, तिच्या पिण्याच्या पाण्याविषयी.

ताईचं काम म्हणजे बोलायचं आणि त्याहून जास्त ऐकायचं. कुणाला गणिताची धास्ती, कुणाच्या घरी दारू, तर एखादी मुलगी सांगते की घरात माझ्या लग्नाचं चाललंय. अशी पोर रडत बोलायला लागली की ताई मधेच पाण्याला उठत नाही. एक मूल गेलं की दुसरं दारात उभंच असतं. संध्याकाळी एसटीत बसते तेव्हा तिच्या पोटात दोन कप चहा आणि अर्धा पेला पाणी. दुपारपासून डोकं ठणकतं, घसा बसतो, चिडचिड होते. ठणकत्या डोक्यानं शांतपणे ऐकायचं कसं? शेवटी आलेल्या मुलाच्या वाट्याला दमलेली ताई येते.

घशाचं थोडं समजून घेऊ. बाई बोलते तेव्हा तिचे स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा थरथरतात. त्यांना ओलावा लागतो. पण प्यालेलं पाणी स्वरतंतूंवरून जात नाही, ते अन्ननलिकेतून पोटात उतरतं, रक्तात मिसळतं आणि मग तो ओलावा तिथं पोचतो. म्हणून घसा सुकल्यावर घटाघटा तांब्या रिकामा केला तरी लगेच आवाज सुटत नाही. आपण पिकाला ठिबकनं पाणी देतो, तसं घोट घोट, सकाळपासून.

दिवसाला किती? मोठ्या बाईला साधारण दोन ते अडीच लिटर, उन्हातान्हात त्याहून जास्त. मोजत बसण्यापेक्षा लघवीचा रंग पाहावा. फिकट पिवळी असेल तर ठीक. गडद आणि उग्र वासाची असेल तर पाणी कमी पडतंय. (ब-जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर रंग तसाही पिवळाधमक होतो, त्याला घाबरू नये.) ताक, लिंबूपाणी, आंबील हेही पाण्यातच धरायचं. चहासुद्धा. चहानं अंगातलं पाणी आटतं असं म्हणतात, ते दोन-तीन कपांच्या बाबतीत खरं नाही. साखर मात्र पोटात जाते. किडनीचा किंवा हृदयाचा आजार असलेल्या बाईनं किती प्यायचं ते डॉक्टरांनाच विचारावं.

आता खरी गोष्ट. ताई पाणी पीत नाही, ती काही विसरते म्हणून नाही. शाळेच्या शौचालयाला कुलूप, किल्ली शिपायाकडे, शिपाई तालुक्याला गेलेला. कुलूप उघडलं तर नळाला पाणी नाही, पाणी असलं तर आतून कडी नाही. मग ती घरून निघतानाच ठरवते, आज पाणी नको. हे एकट्या ताईचं नाही, शिक्षिका, अंगणवाडी सेविका, आशाताई, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपल्या मुलीही हेच करतात. पाळीच्या दिवसांत तर शाळाच बुडवतात. बाईची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटरची असते, त्यामुळे जंतूंना मूत्राशयापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. पाणी कमी आणि लघवी तुंबवलेली, मग जळजळ, ताप, कधी मुतखडा. लघवीला आग होऊन थंडीताप आला, कंबरेच्या वर दुखायला लागलं, तर घरगुती उपायांवर थांबू नये, दवाखाना गाठावा.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. शाळेत पिण्याचं स्वच्छ पाणी आणि मुलामुलींची वेगवेगळी शौचालयं हवीत, असं त्यात लिहिलंय. जिल्हा परिषदेच्या शाळेत व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्यात असंही त्यात आहे. म्हणजे आपल्या गटातली कुणीतरी तिथं असणारच. तिनं फक्त सह्या करून चहा पिऊन यायचं नाही! केरळमधल्या शाळांनी २०१९ मध्ये पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा द्यायला सुरुवात केली. आपल्याही शाळेत ती वाजवता येईल, पण आधी शौचालय उघडं हवं, नाहीतर मुली घंटा ऐकून नुसत्या बसून राहतील.

आणि ताईच्या टेबलावर झाकणाचा तांब्या आणि दोन पेले ठेवायला सांगा. एक पेला तिचा, एक मुलाचा. हुंदके देताना घोट गिळता येत नाही, गिळायला श्वास क्षणभर थांबवावा लागतो, आणि तेवढ्यात रडणं थोडं ओसरतं. मूल पितं तेव्हा ताईनंही प्यावं. बोलणं तुटत नाही.

समितीच्या पुढच्या बैठकीला जरा लवकर जा. खोलीत बसण्याआधी मुलींच्या शौचालयाचं दार उघडून आत जा, कडी लावून पाहा, नळ सोडून पाहा. आणि किल्ली कोणत्या खिळ्याला टांगायची, ते त्याच दिवशी ठरवून घ्या.