आधी ऊन, मग खुर्च्या

टेरेस असलेलं घर मिळालं की पहिली धाव फर्निचरच्या दुकानाकडे जाते. चार खुर्च्या येतात, काचेचं टीपॉय येतं, जमलं तर झोपाळाही येतो. सगळं भिंतीला समांतर, छान रांगेत मांडून होतं. पुढच्या उन्हाळ्यात त्या खुर्च्यांच्या पाठीवर टॉवेल वाळत असतात आणि घरातली माणसं आत पंख्याखाली बसलेली असतात. सामान चांगलंच असतं, पण ज्या वेळी बसायला सवड मिळते त्या वेळी तिथे ऊन असतं, किंवा सावली असली तरी फरशी भाजत असते. उघड्यावरची मांडणी भिंतीकडे पाहून ठरत नाही. ती घड्याळाकडे पाहून ठरते.

म्हणून खरेदीच्या आधी एक खडू घ्यावा. सुट्टीच्या दिवशी सकाळी आठ, अकरा, दुपारी चार आणि सहा वाजता गच्चीवर जाऊन सावली जिथे संपते तिथे फरशीवर रेघ ओढायची आणि शेजारी वेळ लिहायची. जिन्याच्या खोलीची सावली, पाण्याच्या टाकीची, शेजारच्या इमारतीची, कठड्याची. संध्याकाळपर्यंत फरशीवर एक नकाशा तयार होतो. घरात सकाळचा चहा बाहेर घेणारे कोण, संध्याकाळी कामावरून येऊन बसणारे कोण, हे त्या नकाशावर ठेवून पाहिलं की निम्म्या खुर्च्यांच्या जागा आपोआप ठरतात.

एका दिवसाचा नकाशा वर्षभर पुरत नाही, कारण आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो. महाराष्ट्रात सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. कोल्हापुरात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पुण्यात १३ मेच्या आसपास, मुंबईत १५ मेच्या आसपास, नागपुरात २६ मेच्या आसपास. त्या दिवशी भर दुपारी उभ्या काठीची सावली तिच्या पायातच राहते. दुसरी खेप जुलै-ऑगस्टमध्ये येते, तेव्हा ती बहुधा ढगांत जाते. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे कललेला असतो. म्हणजे भर मे महिन्यात दुपारी बारा-साडेबाराला कठड्याची, भिंतीची, झाडाच्या खोडाची सावली जवळजवळ नसतेच. त्या वेळी वरून छप्पर हवं, नाहीतर बाहेर बसण्याचा विचार सोडून द्यावा.

डिसेंबरचं गणित अगदी उलट असतं. पुण्यात तेव्हा दुपारचा सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो. गच्चीच्या दक्षिण बाजूचा कठडा साडेतीन फुटांचा असेल, तर भर दुपारीही त्याची तीन फुटांहून थोडी जास्त सावली आत पडते. थंडीत उन्हाला बसायची हौस असलेले लोक नेमके याच कठड्याला पाठ लावून बसतात आणि पाय गारठले म्हणून कुरकुरतात. खुर्ची चार फूट आत ओढली की ऊन अंगावर येतं. दक्षिणेची बाल्कनी असेल, तर हिवाळ्यात ऊन थेट दारापर्यंत येतं. अशी बाल्कनी मिळालेल्यांनी ती कपाटं आणि रिकामी खोकी ठेवायला वापरावी, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सगळ्यात कठीण बाजू पश्चिमेची. चार वाजल्यानंतर ऊन तिरपं होतं आणि वरचा छज्जा कितीही पुढे आलेला असला तरी त्याखालून आत घुसतं. छत्रीही तिथे कामाची नाही, ती डोक्यावरचं ऊन अडवते, समोरचं अडवत नाही. तिथे उभा पडदा लागतो. बांबूची चिक किंवा वाळ्याचा पडदा चालतो, पण तो बाहेरच्या कडेला लावायला हवा. आतून लावला तर उष्णता आत येऊन चुकलेली असते. मोकळ्या गच्चीवर मात्र हेच तिरपं ऊन आपल्याला मदत करतं. जिन्याची खोली दहा फूट उंच असेल, तर मे महिन्यात चार वाजता तिच्या पूर्वेला बारा फुटांच्या आसपास सावली पडते आणि पाच वाजता ती वीस फुटांपर्यंत लांबते. संध्याकाळची बैठक तिथेच मांडावी. दिवसभर तापलेला स्लॅब सूर्य मावळल्यावरही तासन्‌तास उष्णता सोडत राहतो. बसण्याच्या तासभर आधी फरशीवर पाणी शिंपडायची जुनी पद्धत म्हणूनच शहाणपणाची. पाणी वाळताना फरशीतली उष्णता घेऊन जातं. बसायच्या ऐन वेळी पाणी मारलं तर मात्र नुसती वाफ अंगावर येते.

आपल्याकडच्या जुन्या घरांनी हे सगळं कागदावर न मांडता साधलेलं होतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या अंगणातली बाज पाहा. एका माणसाला उचलता येते, सकाळी एका भिंतीच्या सावलीत आणि संध्याकाळी दुसऱ्या. विणलेल्या दोरीतून खालून वारा लागतो, म्हणून पाठीला घाम धरत नाही. आजच्या गाद्यांच्या जड सोफ्याला यातलं काहीच जमत नाही. कोकणात पावसाळा सरला की खळं चोपून सारवतात, त्यावर मांडव घालतात आणि वर झावळ्या पसरतात. सगळा उन्हाळा त्या सावलीत जातो. पाऊस तोंडावर आला की मांडव उतरतो आणि पडवीच्या ज्या बाजूने झोड येते तिथे झापांच्या झडी लागतात. ऋतू बदलला की बसण्याची जागाच बदलायची, ही त्यातली रीत आपल्या टेरेसला आजही लागू पडते. गोव्यातल्या घरांपुढच्या ओसरीत, म्हणजे बाल्कांवात, बाकं बांधलेली, म्हणजे हलवायचा प्रश्नच नाही. पण ती समोरासमोर असतात, मधे आवाज न चढवता बोलता येईल एवढंच अंतर, आणि बसल्या जागेवरून रस्ता दिसतो. गप्पा रंगायला आणखी काय लागतं!

बहुतेक टेरेसवर हे अंतरच चुकतं. खुर्च्या चारही कठड्यांना लावून मधे मैदान मोकळं सोडलं की पाहुणे एकमेकांशी ओरडून बोलायला लागतात आणि थोड्या वेळात मोबाइलमध्ये शिरतात. समोरासमोरच्या दोन खुर्च्यांत बसणाऱ्यांच्या तोंडांमधलं अंतर पाच ते सात फूट असावं. खुर्ची आणि टीपॉयमध्ये दीड फूट, म्हणजे गुडघा आपटत नाही आणि कप ठेवायला वाकावं लागत नाही. जेवणाच्या टेबलामागे खुर्ची सरकवून उठायला तीन फूट लागतात. जाण्यायेण्याची वाट अडीच फुटांपेक्षा कमी नको, हातात ताटं घेऊन येणारं माणूस डोळ्यांसमोर आणून ती मोजावी. चार फूट रुंदीच्या बाल्कनीत या हिशेबाने समोरासमोरची बैठक बसतच नाही. तिथे अरुंद बाजूच्या भिंतीशी एक बाक आणि त्याला काटकोनात एक खुर्ची पुरते. घडीचं टेबल भिंतीला टांगून ठेवता येतं.

आता वजन. वावर असलेल्या गच्चीचा स्लॅब भारतीय मानकांनुसार दर चौरस मीटरला साधारण दीडशे किलो जादा भार धरून आखतात. फूटभर लांबी, रुंदी, उंचीची ओल्या मातीची कुंडी पंचेचाळीस किलोंच्या घरात जाते. चार बाय अडीच फुटांचा पाऊण इंची ग्रॅनाइट तेवढाच किंवा थोडा जास्त. पाच-सहा मोठ्या कुंड्या, दगडी टेबल आणि त्याभोवती सहा माणसं एकाच कोपऱ्यात आणली, तर हिशेब फार लवकर संपतो. बाल्कनी पुढे झुकलेली असेल, तर जड वस्तू घराच्या भिंतीजवळ ठेवाव्यात, टोकाला नकोत. छत्रीचा खांब किंवा झोपाळ्याचा पाया रोवण्यासाठी गच्चीच्या कोब्याला ड्रिल तर मुळीच मारू नये. त्या एका भोकातून पावसाचं पाणी खालच्या खोलीच्या छतावर पोचतं. पाणी जाळीकडे वाहावं म्हणून कोब्याला उतार दिलेला असतो, त्यामुळे टेबल डगमगतं. पायांना खालीवर होणारे स्क्रू असलेलं टेबल घ्यावं आणि जाळीची वाट मोकळी ठेवावी.

हलक्या सामानाचा धोका वेगळा. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस येण्याआधी जो वारा सुटतो, त्यात प्लास्टिकची खुर्ची कठड्यावरून सहज खाली जाते. सातव्या-आठव्या मजल्यावरून ती खाली पडली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. वापर झाला की खुर्च्या एकात एक घालून बांधून ठेवायच्या, छत्री मिटायची. आणि घरात लहान मूल असेल, तर कठड्याजवळ खुर्ची, बाक, उलटी बादली, काहीही ठेवायचं नाही. मूल त्यावर चढतंच.

कशाचं फर्निचर घ्यावं, याला सोपं उत्तर आहे: जे भिजून वाळू शकतं ते. सागवानात नैसर्गिक तेल असतं, ते उघड्यावर वर्षानुवर्षं टिकतं, फक्त रंग राखाडी होतो. खरा वेत पावसात टिकत नाही, तो पत्र्याखालीच बरा. बांबू प्रक्रिया केलेला नसेल तर भुंगा पोखरतो आणि खुर्चीखाली पिवळसर भुकटी दिसू लागते. समुद्राजवळ लोखंड घेऊच नये, खारा वारा रंगाच्या बारीकशा ओरखड्यातूनही आत शिरतो. तिथे पावडर कोटिंग केलेलं ॲल्युमिनियम बरं. साधं प्लास्टिक उन्हाने कडक होतं. हात फिरवल्यावर बोटाला पांढरी भुकटी लागली, की ती खुर्ची मोडायला आली असं समजावं आणि तिच्यावर कुणाला बसवू नये.

पावसाळ्याचे चार महिने गाद्या आत, टेबल भिंतीशी उभं. ताडपत्रीने सामान झाकलंत तर खालून हवा खेळती ठेवा, नाहीतर बुरशी धरते. ताडपत्रीच्या खोलगट भागात, उलट्या खुर्चीच्या खाचेत, कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं स्वच्छ पाणी डेंग्यूच्या डासाला पुरतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा या सगळ्या जागा पाणी ओतून कोरड्या करायच्या. संध्याकाळच्या बैठकीत पायांच्या दिशेने टेबल फॅन लावला तरी डास कमी चावतात, वाऱ्यात त्यांना नीट उडता येत नाही.

शेवटी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाची खुर्ची. खरं तर तिची जागा सगळ्यांच्या आधी ठरवायला हवी, कारण बाहेर सर्वाधिक वेळ तेच बसतात. हल्लीच्या बाहेरच्या बैठकी जमिनीपासून फूटभर उंचीच्या, खोल आणि मऊ असतात. त्यात बसलेल्या आजींना उठायला दोन हात लागतात. त्यांना सतरा-अठरा इंच उंचीची, घट्ट बैठकीची आणि भक्कम हात असलेली खुर्ची हवी, जिच्या हातांवर तळवे रोवून स्वतःचं स्वतः उठता येईल. ती दाराजवळ असावी, म्हणजे घरातली हाक ऐकू येते आणि दिव्याचं बटण लांब पडत नाही. दारापासून तिथपर्यंत उंबरा, वायर किंवा कुंडी आड येऊ नये, आणि फरशी गुळगुळीत असेल तर पायाखाली गोणपाट नको, ते सरकतं. रबराची खरखरीत चटई घालावी.