दर डावाला नवे भुयार

शब्दकोडे रचणाऱ्याची मला नेहमी कीव येते. सगळी उत्तरे ठाऊक. बिचाऱ्याने सोडवायचे काय? कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ येथील विद्यापीठात शिकणाऱ्या मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन यांना हीच अडचण जाणवली. आपला खेळ आपल्यालाही खेळता यावा, म्हणून १९८० च्या सुमारास त्यांनी ‘रोग’ रचला. आपला रोग नव्हे, इंग्रजीतला ‘भामटा’!

त्यात भुयाराचा तयार नकाशा नव्हता, नियम होते. पडद्याचे ९ चौकोन करायचे, त्यांत लहानमोठ्या खोल्या मांडायच्या, वाटांनी जोडायच्या. कुठे राक्षस, कुठे खजिना, हे संगणक आयत्या वेळी ठरवी. नायक मेला की डाव पहिल्यापासून, भुयारही नवे.

पण सगळेच नशिबावर सोडले तर खेळाडू कोंडला जाईल. म्हणून २००८ च्या ‘स्पेलंकी’त डेरेक यू यांनी १६ खोल्यांच्या पटावर आधी प्रवेशापासून दारापर्यंतची एक वाट पक्की केली, बाकीच्या खोल्या नंतर.

मला यात ठिपक्यांची रांगोळी दिसते. ठिपके मोजून मांडलेले, रेघ रोज नवी. मुले हरतील, चिडतील. पण ‘वाटच नव्हती’ असे त्यांना म्हणता येऊ नये. रचणाऱ्याची खरी कसोटी तीच.