तुरीचा भाव कोण ठरवतो?

डाळमिलचा मालक कितीही कष्टाळू असला तरी त्याचा नफा-तोटा बऱ्याच अंशी मिलबाहेर ठरतो. लागोपाठच्या दुष्काळांनंतर २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली. तो भाव पाहून शेतकऱ्यांनी तुरीचा पेरा वाढवला. २०१६ मध्ये पाऊसही चांगला झाला, शिवाय म्यानमार व आफ्रिकेतून तूर आली. भाव क्विंटलला ५,०५० रुपये या हमीभावाखाली घसरला. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने आयातीवर मर्यादा घातली. मे २०२१ मध्ये आयात पुन्हा खुली केली.

पाऊस, बाजार, परदेश आणि शासन यांपैकी एकही आपल्या हातात नाही; त्यांवर नजर ठेवणे मात्र हातात आहे. पालकांनो, कमलनगरात पेरणीपूर्वी केवळ गतवर्षीचा भाव पाहू नये, एवढीच आमची विनंती.