चर्चच्या वह्यांत घराणं शोधताना

गोव्यातल्या एखाद्या जुन्या चर्चमधली बाप्तिस्म्याची वही उघडली की पहिली अडचण तारखेचीच येते. पाद्री वर्ष आकड्यांत लिहीत नाही, पोर्तुगीज अक्षरांत लांबलचक लिहून काढतो. घाईत असला तर महिन्यासाठी सातचा आकडा काढून त्यापुढे नुसतं ‘ब्रो’ लिहितो. नवखा माणूस तो जुलै समजतो, पण तो असतो सप्टेंबर. आठ म्हणजे ऑक्टोबर, नऊ म्हणजे नोव्हेंबर, आणि रोमन दहाचं चिन्ह दिसलं तर डिसेंबर. एवढं ठाऊक नसेल तर बाळ जन्माला येण्याआधीच त्याचा बाप्तिस्मा झाल्याचं कागदावर निघतं.

तारीख लागली की मात्र नोंद भरभरून बोलते. बाळाचं नाव, आईबाप, त्यांचं मूळ गाव आणि त्यातला वाडा (म्हणजे वस्ती), एकोणिसाव्या शतकात बरेचदा दोन्हीकडचे आजी-आजोबा, धर्मपिता, धर्ममाता आणि खाली पाद्रीची सही. दहा-बारा ओळींत तीन पिढ्या. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्याची नामावळी सापडते, पण ती बहुतांशी बापाकडून मुलाकडे उतरते. चर्चच्या नोंदीत आई असते, आणि पुष्कळदा आईची आईसुद्धा. या वह्यांचं सगळ्यात मोठं मोल मला इथेच वाटतं.

वंशावळ जपावी म्हणून या वह्या कोणी ठेवल्या नव्हत्या. चोरून झालेली लग्नं आणि नात्यातली लग्नं हा युरोपातल्या चर्चपुढचा जुना पेच होता. त्यावर उपाय म्हणून ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये ठरवलं की लग्न पाद्री आणि साक्षीदारांसमोर व्हावं आणि त्याची वहीत नोंद व्हावी. बाप्तिस्म्याच्या वहीत धर्ममातापित्यांची नावंही लिहायची होती, कारण त्यांच्याशी जुळणारं आध्यात्मिक नातंही लग्नाला आड येत असे. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि घरोघरची शिरगणती अशा पाच वह्या नेमून दिल्या. कोणाचं कोणाशी लग्न होऊ शकतं, हे कळण्यासाठीचा हा कारभार होता. म्हणूनच त्यात नात्यांचा तपशील इतका बारीक आहे.

शोधाला निघालेला माणूस आडनाव धरून बसतो आणि तिथेच फसतो. गोव्यात आणि वसईत नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना बहुधा धर्मपित्याचं किंवा पाद्रीचं आडनाव मिळालं. त्यामुळे एका गावातले दहा फर्नांडिस एकमेकांचे कोणीच नसू शकतात, आणि दोन सख्खे भाऊ वेगवेगळ्या आडनावांनी वहीत भेटू शकतात. बायकांच्या नावांत तर पुष्कळदा आडनाव नसतंच. मारिया कॉन्सेसांव किंवा आना रोझा, बस्स. अशा वेळी वाडा धरावा. आडनावापेक्षा तो कितीतरी भरवशाचा. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना आपला वाडा, पूर्वीचं घर, घराचं टोपणनाव विचारून घेतल्याशिवाय चर्चची पायरी चढूच नये.

दुसरी वाट धर्ममातापित्यांची. हा मान बहुधा मामा, आत्या, आजोबा अशा जवळच्यांनाच दिला जाई. सगळ्या भावंडांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या की कोण कोणाचं कोण, ते आपोआप उलगडत जातं. फक्त आपल्या आजोबांची नोंद शोधून वही मिटणारा माणूस निम्मं घराणं तिथेच सोडून येतो.

लग्नाच्या वहीत ‘तिसऱ्या पायरीच्या नात्याची सूट’ असा उल्लेख दिसला तर थांबावं. त्याचा अर्थ वधूवरांचे पणजोबा-पणजी एकच. चौथ्या पायरीची सूट म्हणजे नातं आणखी एक पिढी मागे. ही परवानगी वरिष्ठांकडून येई आणि त्यासाठी नातं मांडून दाखवावं लागे. म्हणजे कोणीतरी आपली वंशावळ आधीच तयार करून ठेवलेली असते.

आता समासाकडे यावं. पोप दहावे पायस यांच्या आज्ञापत्रानुसार १९०८ पासून एक नियम लागू झाला: लग्न जगात कुठेही होवो, त्याची खबर बाप्तिस्म्याच्या चर्चला कळवायची आणि मूळ नोंदीच्या बाजूला ती टिपायची. गोव्याची माणसं कराची, मुंबई, नैरोबी, झांझिबारला पांगली, पण त्यांच्या लग्नांनी गावच्या वहीत परत यावं अशी ही व्यवस्था होती. एखाद्या मुलीच्या नोंदीशेजारी बारीक अक्षरात नवऱ्याचं नाव, परदेशातलं चर्च आणि तारीख दिसते, आणि घरात कोणालाच माहीत नसलेली एक शाखा हाती लागते. १९६१ पूर्वीच्या गोव्यातल्या जन्माच्या आधारे पोर्तुगीज नागरिकत्व मिळवण्यासाठी आज अनेकजण दाखले काढतात. दाखला हा उतारा असतो, त्यात समास नेहमी उतरतोच असं नाही. फादरना विनंती करून मूळ पान पाहावं. अर्थात तो आपला हक्क नव्हे. आधी चिठ्ठी पाठवावी, वर्षांचा अंदाज सांगावा, फोटोसाठी परवानगी घ्यावी.

वसई-मुंबईकडे शोध घेणाऱ्याला धर्मप्रांतांचा इतिहासही लागतो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज सत्ता गेली, तरी धर्मग्रामं गोव्याच्या आर्चबिशपांकडेच राहिली. १८८६ मध्ये ती दमणच्या धर्मप्रांतात गेली, १९२८ मध्ये मुंबईला जोडली गेली, १९९८ मध्ये वसईचा धर्मप्रांत झाला. यामुळे बाहेर गेलेला पत्रव्यवहार आणि विवाहाच्या परवानग्या ठिकठिकाणी विखुरल्या. मुंबईत तर १७९४ पासून १९२८ पर्यंत दोन अधिकारक्षेत्रं शेजारी शेजारी नांदत होती, एक पोर्तुगीजांच्या पाद्रोआदोचं, म्हणजे राजाश्रयाखालच्या चर्चचं, आणि एक थेट रोमचं. म्हणून जवळच्या चर्चमध्ये घराण्याची नोंद सापडली नाही, तर पलीकडच्यांची वही पाहावी. ब्रिटिश अमलातल्या मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनांच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. १७०९ पासूनच्या या नकला आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

पावसाळी हवा, वाळवी आणि कागद खाणारी लोखंडी शाई यांनी पुष्कळ पानं गिळली आहेत. सोळाव्या शतकातलं फार थोडं उरलंय. क्वचित एखाद्या जुन्या नोंदीत बाप्तिस्मा घेणाऱ्याच्या बापाचं हिंदू नाव भेटतं, आणि तिथे चर्चची वाट संपते. पुढची वाट गावच्या कोमुनिदादच्या, म्हणजे सामाईक जमीन सांभाळणाऱ्या गावकरी संस्थेच्या, दप्तरात जाते, कारण धर्म बदलला तरी गावकरी हक्क आणि वांगड, म्हणजे गावकऱ्यांची कुळं, बदलली नाहीत. कुंकळ्ळीची शांतादुर्गा सोळाव्या शतकात फातर्प्याला नेली गेली, पण दरवर्षी शिगम्यात तिची पालखी कुंकळ्ळीला येते तेव्हा गावच्या बारा वांगडांच्या छत्र्या तिच्यासोबत निघतात, आणि त्या वांगडांचे ख्रिस्ती वंशजही मिरवणुकीत असतात.