नळी असते, पण तेव्हा तुम्ही झोपेत असता

बेरिॲट्रिक सर्जरी, म्हणजे वजन कमी करण्याचं ऑपरेशन, हा विषय कट्ट्यावर निघाला की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, किती किलो उतरतात? दुसरा जरा हळू आवाजात, 'नाकात नळी घालतात का गं?' पहिल्याच्या उत्तरासाठी रील्सचा ढीग पडलाय. दुसऱ्यावर कुणी बोलत नाही, आणि खरी धास्ती तिथेच असते. कारण ती नळी आपण बघितलेली असते, आयसीयूत, आजोबांच्या नाकाला चिकटपट्टीने लावलेली.

तिचं पुस्तकी नाव नॅसोगॅस्ट्रिक ट्यूब. आपल्याकडे वॉर्डात एवढं लांबलचक कुणी म्हणत नाही, 'रायल्स ट्यूब' म्हणतात. जॉन रायल हे लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधले डॉक्टर, त्यांच्यावरून हे नाव पडलं. गोष्ट 1920 च्या दशकातली. नाकातून घसा, अन्ननलिका, मग जठर असा तिचा रस्ता. काम एक तर आतलं बाहेर काढायचं, नाही तर बाहेरचं आत सोडायचं. किती आत घालायची याचं माप भारी साधं आहे: नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत.

आता ऑपरेशन थिएटरमध्ये जाऊ. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग कापून काढतात, उरतं ते केळ्याच्या आकाराचं. भूल दिल्यावर जठरातली हवा आणि पाणी काढायला नाकातून किंवा तोंडातून नळी घालतात. मग तोंडातून एक जाड नळी जाते, तिला बूजी म्हणतात. ही बहुतेक वेळा 32 ते 40 फ्रेंच मापाची. फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, म्हणजे 36 फ्रेंचची नळी 12 मिलिमीटर जाड. शिंपी पट्टी धरून कापड कापतो तसं सर्जन या नळीच्या कडेने स्टेपलर चालवतात. ऑपरेशन झाल्यावर नळीतून निळं औषध सोडून शिवण कुठे गळतेय का, हेही बघता येतं.

यात एक धोका आहे. हवा काढणारी नळी वेळेत मागे ओढली नाही, तर स्टेपलर जठराबरोबर तिलाही शिवून टाकतो. ऐकायला विनोदी वाटतं, पण हा नोंदवलेला अपघात आहे आणि दुरुस्तीचं काम वाढवून ठेवतो. म्हणून स्टेपलर दाबण्याआधी सर्जन भूलतज्ज्ञांना विचारून खात्री करतात, 'आत काही नाही ना?'

हे सगळं होताना पेशंट गाढ झोपेत. मग जाग आल्यावर? पूर्वी नळी दिवस-दोन दिवस तशीच ठेवायचे, पोट फुगू नये, टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून. तर्क बरोबर वाटतो, पण पोटाच्या ऑपरेशन्सचे अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा सरसकट नळी ठेवल्याने फायदा दिसला नाही. उलट घसा दुखतो, मोकळं खोकता येत नाही. बेरिॲट्रिक सर्जरीसाठी 2016 मध्ये आलेल्या 'इरास' मार्गदर्शक सूचनांनीही सरसकट नळी ठेवू नये असंच सांगितलं. काही अडचण आली तर घालतात, हा भाग वेगळा.

याच नळीचा एक अजब अवतारही होऊन गेला. 2012 मध्ये अमेरिकेत 'के-ई डाएट' गाजलं. ऑपरेशन नाही, काही नाही. लग्नाआधी बारीक व्हायला नाकात नळी घालून दहा दिवस फिरायचं, पिशवीतल्या पंपातून दिवसाला साधारण 800 कॅलरी, तेही कार्बोहायड्रेटशिवाय. फ्लोरिडातला एक डॉक्टर यासाठी 1500 डॉलर घ्यायचा. 800 कॅलरी चमच्यानेही खाता येतात, मग नळी कशाला? मला तरी कळलेलं नाही.

शेवटचं जरा गंभीर, आणि हे घरच्यांनाही वाचून दाखवा. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराची छोटीशी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात. अशा पेशंटला नंतर उलट्या झाल्या, पोट फुगलं आणि भलत्याच दवाखान्यात नेलं, तर तिथला ड्यूटीवरचा डॉक्टर नेहमीच्या सवयीने नळी घालायला जाऊ शकतो. पण आतला रस्ता आता बदललेला असतो. अंदाजाने ढकललेली नळी जोडावर आदळून भोक पडू शकतं, विशेषतः ऑपरेशन ताजं असताना. नळी लागलीच तर एक्स-रेच्या स्क्रीनवर बघत किंवा दुर्बिणीने घालावी लागते. पोटावरचे दुर्बिणीचे व्रण इतके छोटे असतात की ते बघून कुणाला ऑपरेशन कळेलच असं नाही. त्यामुळे काका, मावशी, मोठी बहीण, ज्यांचं कुणाचं झालं असेल त्यांच्या पाकिटात ऑपरेशनचं नाव, तारीख आणि सर्जनचा नंबर लिहिलेली चिठ्ठी हवी. डिस्चार्ज कार्डाचा फोटो तुमच्या फोनमध्येही ठेवा. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत तोच सगळ्यात आधी दाखवायचा.